पाचवी गत पोहोचली नाही

शेवंताक्काचं लग्न झालं ते साल सत्तावन्न. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागल्यावर, आमच्या सोप्यात जावयाला गती देणं चाललं होतं. चार देऊन झाल्या होत्या. पाचवी वाजून संपली आणि आबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पेटी, गत पोहोचली?"

मी भाता थांबवला. 'पोहोचली' एवढंच मला म्हणायचं होतं. आधी चार वेळा म्हटलंही होतं. सगळ्यांना आत शेवयांची खीर दिसत होती. नवऱ्या मुलाच्या मामांनी तर पगडी सारखी करून उठायची तयारी केली होती.

आम्ही गुरव. कृष्णाकाठच्या एका महादेवाची पूजा आमच्याकडं. आबांचं नाव परशराम. देवळात पखवाज वाजवत ते मोठे झाले आणि सोळाव्या वर्षी मिरजेला एका खाँसाहेबांच्या घरी तबला शिकायला राहिले. नऊ वर्षं पाणी भरलं, बाजार केला, बोलणी खाल्ली आणि शिकले. त्या खाँसाहेबांच्या घराण्यात मुलीच्या लग्नात जावयाला गती द्यायची रीत होती. गत म्हणजे तबल्यावर वाजवायची बांधीव रचना, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. जावयाला दिली की ती त्याची. ज्या घरातून दिली तिथं ती पुन्हा वाजायची नाही, जशी दिलेली मुलगी पुन्हा त्या घरची होत नाही. आबांनी ती रीत उचलली आणि आपण गुरव म्हणून तिला बेलाचं पान आणि पाणी जोडलं. सकाळी गत तोंडानं सांगायची, दुपारी जावयानं वाजवून दाखवायची, पेटीवर लेहरा धरणाऱ्यानं साक्ष द्यायची, मग आबांनी बेलाच्या पानावरून तळहातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. पाच गती, पाच वेळा पाणी.

साक्ष पेटीची का, तर लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ, पेटीवर फिरून फिरून वाजवायची. तबला वाजवणारा तिच्यावर कितीही कसरती करो, पेटीनं हलायचं नाही. आबा म्हणायचे, तबलजीला सोंग आणता येतं, पेटीला येत नाही.

आबांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. रियाजाला लेहरा धरायला कुणीतरी हवं म्हणून नवव्या वर्षी त्यांनी मला पेटीवर बसवलं. सकाळची पूजा आटोपली की आबा तबला घ्यायचे ते ऊन अंगणात येईपर्यंत. मी तेवढा वेळ तीच ओळ वाजवत राहायची. शाळेत मला घातलं नाही, शेवंताक्कालाही नाही. त्या ओळीवर मी मोजायला शिकले आणि मोजता मोजता ऐकायला.

अकरा वर्षांची असताना स्वयंपाकघरात पाटावर बोटं वाजवताना आबांनी मला धरलं. आता मार बसणार असं वाटलं. ते खाली बसले आणि माझी करंगळी दाबून म्हणाले, "ही का वर उडते? हिला काय माशा मारायच्यात?"

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. वर्षभर मला तबल्याला हात लावू दिला नाही. पाटावर गोणपाट गुंडाळून त्यावर वाजवायचं. आवाज येत नाही आणि बोट मात्र सुजतं. मिठाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायची मी. आई म्हणायची, घट्टे पडलेल्या बोटांची पोरगी कोण करून घेणार. आबा म्हणायचे, भाकरी थापून पडतातच की.

सतराव्या वर्षापर्यंत मला पुष्कळ आलं. पण त्या पाच गती त्यांनी मला दिल्या नाहीत. रोज वाजवायचे माझ्यासमोर, पण मला पेटीच धरायला लावायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, या जावयाच्या. मी म्हटलं, जावई अजून कुठं आहे, मी तर इथंच आहे. ते तबला कापडात गुंडाळत राहिले. मग एवढंच बोलले, "रीत आहे, हौसा."

रीत असली तरी कान बंद होत नाहीत. डाव्या हातानं भाता हलवायची, उजव्यानं लेहरा, आणि त्या पाचही गती मनातल्या मनात. नंतर नदीवर धुणं आपटताना, जात्यावर, मांडीवर. पाचवी माझी सगळ्यात आवडती. चार आवर्तनांची होती. तिसऱ्या आवर्तनात बोल असे दाटून यायचे, जसा दगडावर पाऊस पडावा. आणि ऐन दाटणीत, नवव्या मात्रेला, आबांचा उजवा हात वर जायचा आणि तसाच थांबायचा. एक अख्खी मात्रा तबला गप्प. माझी पेटीच तेवढी ऐकू यायची. मग हात पडायचा आणि गत घसरत समेवर यायची. त्या एका गप्प मात्रेसाठी सगळी गत बांधलेली होती.

नवरा मुलगा श्रीपती इचलकरंजीकडचा, आमच्यातलाच. नाटक कंपनीत तबला वाजवायचा. हात गोड होता आणि माणूसही. मला तो आधीपासून बरा वाटला होता. हळद लागल्यावर त्यानं हात दोनदा धुतले होते, तरी तबल्याच्या पांढऱ्या पुडीवर त्याची पिवळी बोटं उमटत होती. चार गती त्यानं बिनचूक वाजवल्या. पाचवीला तिसरं आवर्तन आलं, बोल दाटले, नववी मात्रा आली आणि त्यानं हात थांबवला नाही. तिथं खणखणीत धा वाजवून तो पुढं गेला. गत समेवर बरोबर आली. ऐकणाऱ्यांनी वाहवा केली. आबांनी मान डोलावली.

मला वाटलं, आबा आता थांबवतील. त्यांनी ताम्हन पुढं ओढलं.

"पेटी, गत पोहोचली?"

त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, विनवणी म्हणावी असं. मला तेव्हा वाटलं, शेवंताचं लग्न सांभाळ असं सांगताहेत. मुलीच्या बापाला हे करावं लागतं, हे मलाही कळत होतं. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की पाणी सुटलं की संपलं. आबा पुन्हा वाजवणार नाहीत. श्रीपती वाजवील तीच गत म्हणून चालेल, आणि ती गप्प मात्रा या जगात कुठंच उरणार नाही.

"नाही पोहोचली," मी म्हटलं.

मामांनी विचारलं, काय म्हणाली ती. मी पुन्हा म्हटलं. मामा आबांकडं वळून हसले. पोरगी दमली असेल म्हणाले, सकाळपासून पोळ्या लाटतेय.

"पेटी दमत नाही," मी म्हटलं. "यांचा हात नवव्या मात्रेला थांबायला हवा. तो थांबत नाही."

श्रीपतीचा चेहरा उतरला. त्यानं आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाला, "मला सकाळी सांगितलं तसंच मी वाजवलं."

चुकलेला प्रत्येक शागीर्द हेच म्हणतो. मी मनात तेच म्हटलं. आबा खाली बघत म्हणाले, सांगताना माझ्याकडूनच राहिलं असेल. व्याह्यांची अब्रू झाकताहेत, असं वाटून मला त्यांचाही राग आला.

मामा आता हसत नव्हते. म्हणाले, आमच्या मुलाची परीक्षा घ्यायला आम्ही आलो नाही. आणि घ्यायचीच असेल तर घेणारा तरी कोण, लाटणंवाली. मग माझ्याकडं वळले.

"एवढं कळतंय तर वाजवून दाखवा की बाई."

त्यांना वाटलं, मी आत पळेन. मी उठले आणि तबल्यापाशी जाऊन उभी राहिले. श्रीपती गडबडून बाजूला सरकला. आबा म्हणाले, "हौसा, खाली बस." मी खाली बसले, तबल्यासमोर.

आता लेहरा कुणी धरायचा? पेटी तशीच उघडी पडली होती. पाहुण्यांत कुणाला येत नव्हती, आणि आबा तर हलेनात. तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा बाजूला झाला आणि शेवंताक्का बाहेर आली. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या, अंगावर पिवळं लुगडं. नवरी अशी चारचौघांत यायची नसते. बायका आतून हाका मारत होत्या. ती सरळ पेटीवर बसली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "लग्न मोडलं ना, तर तुझ्याच गळ्यात बांधते ह्याला."

"तबला येतो त्याला," मी म्हटलं. "चालेल मला."

ती हसली, आणि तिनं लेहरा धरला. आबांनी तिलाही माझ्याआधी पेटी शिकवली होती, पण तिचा हात जरा धावायचा. त्या दिवशी धावला नाही.

परक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच वाजवत होते. पहिल्या आवर्तनात बोटं जागा शोधत राहिली. दुसऱ्यात बोटांना जागा सापडली. तिसरं दाटत गेलं, आणि नवव्या मात्रेला मी हात उचलला आणि तसाच धरला. शेवंताक्काचा एकच सूर ऐकू आला. मामांचा पान चघळायचा आवाजही थांबला. मग माझा हात पडला आणि गत समेवर आली.

वाहवा कुणीच केली नाही. श्रीपती माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "पुन्हा एकदा."

मी पुन्हा वाजवली. त्यानं मांडीवर धरली. मग मला उठायला सांगून स्वतः बसला आणि दमासकट, त्या गप्प मात्रेसकट, वाजवली. माझ्यापेक्षा चांगली वाजवली, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते. मामा काहीतरी बोलायला लागले, तर तो म्हणाला, मामा, मला गत मिळाली, तुम्हाला खीर मिळेल, बसा.

आबांनी मला विचारलं नाही. ताम्हनावर तळहात धरून ते बराच वेळ बसून राहिले. पाणी बोटांतून गळून गेलं, पुन्हा घ्यावं लागलं. मग त्यांनी बेलाच्या पानावरून सोडलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. शेवंताक्का गेली. तिच्या हळदीची बोटं पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर राहिली, ती मी कधी पुसली नाहीत.

वऱ्हाड गेल्यावर आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. मी पाणी घेऊन गेले. ते म्हणाले, "तुझ्या हातानं घालवलीस."

मला वाटलं, अब्रू म्हणताहेत. मी म्हटलं, अब्रू जायला काय झालं, लग्न लागलं की. ते खाली बघत पाणी प्यायले. मी म्हटलं, ती गत मी वाजवणार आहे. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"पाणी सोडलंय. या घरात ती वाजायची नाही."

"पाणी तुम्ही सोडलंय, आबा. मी सोडलेलं नाही."

त्यानंतर सहा महिने त्यांनी मला शिकवलं नाही. पेटीही धरू दिली नाही, पायानं टाळ वाजवत एकट्यानं रियाज करायचे. मी मागच्या पडवीत गोणपाटाच्या पाटावर बसायची. एक भिंत मध्ये. कधीकधी ते थांबले की मीही थांबायची. मग एका सकाळी त्यांनी पेटी सोप्यात आणून ठेवली आणि हाक मारली. पुन्हा शिकवणी सुरू झाली. त्या गतीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

मला स्थळं आली. मी एकालाही हो म्हटलं नाही. आई रडली. मी तिला म्हटलं, माझ्या लग्नात आणखी पाच गती जातील, मग आबा वाजवतील काय? हे ऐकून आबा आत निघून गेले, आणि पुन्हा स्थळ बघितलं नाही. पुढं मिरजेत मुलींच्या गाण्याच्या वर्गाला तबला धरायला बाईमाणूस हवं होतं, तिथं मी लागले आणि एकतीस वर्षं राहिले.

बासष्ट सालच्या महाशिवरात्रीला दुपारी देवळात भजनाआधी मला वाजवायला बसवलं. गावची शंभरेक माणसं होती, आबा खांबाला टेकून होते. मी पाचवी गत वाजवली. आधी तसं सांगितलंही, की ही आमच्या घरातून दिलेली गत आहे आणि मी ती वाजवणार आहे. आबा उठून जातील असं वाटलं होतं. ते डोळे मिटून बसून राहिले. नवव्या मात्रेला मी हात उचलला तेव्हा पाहिलं, त्यांचा उजवा हात मांडीवरून वर आला होता आणि हवेत थांबला होता.

घरी जाताना ते म्हणाले, करंगळी अजून उडते तुझी.

आबा गेल्यावर त्यांची बोलांची वही माझ्याकडं आली. लाल कापडात बांधलेली. मला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याला वही दाखवायची आमच्या घरात रीत नव्हती. श्रीपतीदाजींनी एकदा मागितली, मी दिली नाही. लोक मोडतात ती रीत पाळायची आणि लोक पाळतात ती मोडायची, असा माझा स्वभावच आहे, असं शेवंताक्का म्हणायची.

मग एक्क्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या गल्लीत एक तरुण बाई शिकवायला यायची. बावन्नाव्या वर्षी मी पाटी घेतली. जोडाक्षरांनी माझा जीव खाल्ला. तबल्याचे बोल मला तोंडपाठ, पण कागदावर ते मुंग्यांसारखे दिसायचे. आठ महिने लागले. मग मी लाल कापड सोडलं.

शेवटच्या पानांवर पाच गती होत्या. चार गतींखाली लिहिलं होतं, 'श्रीपतीस दिली'. पाचवीखाली आबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी एकेक अक्षर बोटानं धरून वाचलं.

'हौसासाठी ठेवली. श्रीपतीस नवव्या मात्रेला धा भरून दिली. हौसा पेटीवर आहे, ती समजून घेईल. देवा, क्षमा कर.'

खाली तारीख होती, हळदीच्या दिवसाची.

मी तशीच वही घेऊन एसटीनं इचलकरंजीला गेले. दाजी तेव्हा आजारी होते, खाटेवर बसून असायचे. शेवंताक्का शेंगा सोलत होती. मी त्यांना वाचून दाखवलं. दोघांनाही मी वाचतेय याचंच आधी नवल वाटलं. मग दाजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. ऐकून ते इतकं हसले की खोकला लागला.

"म्हणजे मी सकाळी बरोबरच ऐकलं होतं," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मला वाटतंय, त्या दिवशी माझे कान गेले होते. हौसा, तुझ्यासमोर ती गत वाजवायची मला भीती वाटायची गं."

मी त्यांच्या पायाला हात लावला. मेव्हणीनं दाजींच्या पाया पडायचं आमच्यात नाही, पण मी पडले. त्या दिवशी चारचौघांत मी त्यांना खोटं पाडलं होतं आणि ते खरे होते. शेवंताक्का शेंग हातात धरून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आणि तू गं? आबांनी तुझ्यासाठी ठेवली होती, आणि तूच ती देऊन टाकलीस. नुसतं 'पोहोचली' म्हणाली असतीस तर तुझीच होती."

परतीच्या गाडीत मी तेच घोळवत होते. आबांची ती नजर विनवणीच होती, पण लग्नासाठी नव्हती. 'तुझ्या हातानं घालवलीस' हेही तेव्हा उलगडलं. माझ्यासाठी त्या माणसानं आपल्या गुरूची रीत मोडली होती, जावयाला फसवलं होतं, देवापुढं खोटं पाणी सोडायला निघाला होता, आणि मी ते हाणून पाडलं. गाडी जयसिंगपूरला थांबली तोवर मला वाईट वाटत होतं.

त्यानंतर वाटलं नाही. आबांनी ती माझ्यासाठी ठेवली, पण कुठं, तर मागच्या पडवीत. दाजींच्या हातात खोटी गत सोप्यात वाजली असती आणि माझ्या हातात खरी गोणपाटावर. बापानं चोरून दिलेलं चोरूनच वापरावं लागतं. मला ती सोप्यात हवी होती. द्यायचीच होती तर ताम्हन माझ्यापुढं ओढायचं होतं आणि चार माणसांत म्हणायचं होतं, हौसास दिली. ते म्हणायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून ती मी न विचारता घेतली, देवळात, शंभर माणसांसमोर. दाजींकडंही राहिली आणि माझ्याकडंही. दोन घरांत वाजल्यानं गत झिजत नाही.

आज कुणी पेटीवर बसवून मला तेच विचारलं, तरी मी तेच सांगेन.

वर्गातल्या ज्या अकरा मुली माझ्याकडं तबला शिकल्या, त्यांना मी ती दिली. पाणी सोडलं नाही.

श्रीपतीदाजी त्र्याण्णव सालच्या मार्गशीर्षात गेले. शेवंताक्का गेल्या माघात, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन, झोपेत गेली. आमचे आबा, परशराम विठू गुरव, अडुसष्ट सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, देवळात पूजा आटोपून पायरीवर बसले असताना वारले.